मधल्या दाराची कडी

३ फेब्रुवारी

ही वही मी स्वतः शिवली. एका मोठ्या कामातून चांगले कागद उरले होते, ते कापले, शिवले, पुठ्ठा चढवला. चव्वेचाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधली आणि स्वतःसाठी एक बांधायला एकसष्टावं वर्ष उजाडलं. तेही कारण घडलं म्हणून. सकाळी नगरपालिकेची नोटीस आली. रस्ता रुंद करायचा आहे आणि आमची इमारत रस्त्याच्या आड येते. खरं तर रस्ता इमारतीच्या आड येतो, कारण इमारत आधीची आहे. पण नोटीस लिहिणाऱ्याला हे कोण सांगणार?

खाली दोन गाळे. डावीकडे माझं बाइंडिंग, उजवीकडे कुलुपवाला. वरच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे काका आणि टेलरबाई. भिंती दीड हात जाड. अशा इमारतीला पाडायचं म्हणजे पाडणाऱ्याचेच हाल.

टेलरबाईंनी चौकशी करून आणली. एखाद्या इमारतीत पंचाहत्तर वर्षं कारागिरांची कामं सलग चालू असतील, तर ती जुन्या इमारतींच्या यादीत घालता येते. मग तिला कोणी हात लावत नाही. त्यासाठी इतिहास लिहून द्यायचा, पुरावे जोडायचे. समितीची बैठक सत्तावीस तारखेला. बाई म्हणाल्या, वकील गाठू. मी म्हटलं, कशाला, मी लिहितो. आयुष्यभर पुस्तकं हाताळणाऱ्याला पुस्तक कसं असतं ते कळत नाही का? सगळे आपापल्या कामाला निघून गेले. पटलं असावं.

५ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण झालंसुद्धा. सुरुवात अशी: 'आमच्या आजोबांनी या इमारतीत पहिली सुई ओवली आणि मग त्यांच्या आधाराने एकेक कारागीर इथे येऊन स्थिरावला.' दुपारी हिला वाचून दाखवलं. ही म्हणजे माझी बायको. फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या घडी घातलेल्या पानांचे जुडगे, ती शिवते, बोलणी मी खातो, अशी आमची वाटणी आहे. तिने दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सांगायला कशाला हवं? घरातल्या गोष्टी घरात माहीत असतात. कुलुपवाल्याच्या गाळ्याला मागे मोठी खिडकी आहे, ती मुळात आमची, हेही मला कोणी शब्दांत सांगितलं नाही. पण विषय निघाला की वडील ज्या तऱ्हेने मान फिरवत, त्यावरून मी काय ते समजलो. त्या लोकांनी खिडकी गिळली.

दोन गाळ्यांच्या मधल्या भिंतीत एक दार आहे. ते मी एकोणीस वर्षांचा असताना बंद झालं. आजोबा नुकतेच गेले होते. शाळेची शंभर हजेरीबुकं आमच्याकडे शिवायला आली होती. कुलुपवाल्याच्या बापाच्या कानशीचा लोखंडी कीस दारातून उडून कोऱ्या कागदांवर बसला, हवा दमट, सकाळी प्रत्येक पानावर तांबडे ठिपके. वडील बोलले, तो बोलला. दुसऱ्या दिवशी दार बंद. रागाच्या भरात त्याने त्याच्या बाजूने कडी घातली. वडिलांनी मग आमच्या बाजूने कागदांचं कपाट लावून टाकलं. तेव्हापासून मी भर दुपारी दिवा लावून काम करतो. नळ मात्र आमच्याकडे आहे. कुलुपवाला रोज बादली घेऊन चौकातल्या नळावर जातो. व्यायाम होतो त्याला.

८ फेब्रुवारी

वर जाऊन काकांना भेटलो. वय चौऱ्याऐंशी, पण भिंग डोळ्याला लावलं की हात थरथरत नाही. त्यांच्याकडे दुरुस्तीच्या वह्या आहेत. सगळ्यात जुनी बासष्ट वर्षांपूर्वीची, त्यांच्या उस्तादांच्या हातची. कोणाचं घड्याळ, काय बिघडलं, कधी परत दिलं, सगळं. उत्तम पुरावा. वही फाटत आली आहे, बांधून देईन म्हटलं.

सहज विचारलं, मधलं दार बंद झालं त्या दिवशी काका तुम्ही होतात ना? ते म्हणाले, होतो. मग? काकांनी भिंग काढलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कडीला विचार." आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं. माणूस कितीही शाबूत दिसला तरी वय कुठेतरी बोलतंच.

११ फेब्रुवारी

समितीच्या बाई पाहणीला आल्या. जाड चष्मा, बोलणं मोजकं. भिंतीवर बोटं टेकवून बघितलं, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. मी त्यांना आमचा नमुना दाखवला. दुकानात काचेच्या पेटीत असतो तो: पूर्ण कातडी बांधणीचा कोरा ग्रंथ, पाठीवर सोनेरी रेघा. वडिलांनी बांधला. मागच्या पुठ्ठ्याच्या आत सोनेरी आकड्यांत वर्ष घातलंय, दार बंद झालं तेच वर्ष. मनस्ताप झाला की मोठा कारागीर हातातून काहीतरी घडवतोच. शहरात असा दुसरा ग्रंथ नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

बाईंनी तो मधोमध उघडला. पानं सोडल्यावर ती परत उठली. "हा पूर्ण उघडत नाही का?" त्यांनी विचारलं. मी समजावलं की जुन्या बांधणीला असा ताठा असतो. ही तिकडे फर्मे मोजत होती, तिने वर बघितलं.

बाईंचं म्हणणं असं की काकांच्या वह्या बासष्ट वर्षं मागे जातात, ते ठीक. कुलुपवाल्याकडे त्याच्या आजोबांची पाटी आहे, पण तिच्यावर तारीख नाही. सुरुवातीचा एक तरी कागद हवा. तो नसेल तर नुसत्या इतिहासावर समिती काही करू शकत नाही, आणि सत्तावीसनंतर रस्त्याचं काम थांबणार नाही. मी म्हटलं, मिळेल. कागदाचंच घर आहे आमचं.

१३ फेब्रुवारी

अखेर कुलुपवाल्याकडे गेलो. इमारतीसाठी माणूस काय काय करतो.

एके काळी हा आणि मी एकाच पायरीवर बसून गोट्या खेळलो आहोत. आज मला बघून उभा राहिला आणि म्हणाला, "बसा." बसा! मीही मग तुम्ही-आम्ही चालू ठेवलं. बसायला जागा कुठे होती म्हणा. हा गाळा माझ्यापेक्षा लहान आणि सामान दुप्पट: कुलपांच्या पेट्या, चाव्यांच्या माळा, छतापर्यंत लोखंड. आणि एवढ्या गर्दीत मधल्या दारासमोरची हातभर जागा त्याने साफ मोकळी ठेवली आहे. एक खिळासुद्धा नाही. मांडणीची अक्कल नसली की असं होतं. खिडकीतून ऊन थेट त्याच्या ऐरणीवर पडतं. मी तिकडे बघायचं टाळलं.

मी बसलो असताना एक गृहस्थ आले. भावाच्या खोलीचं कुलूप उघडून हवं होतं, भाऊ परगावी. कुलुपवाला नाही म्हणाला. ते चिडले, अजिजी केली. हा एकच वाक्य बोलत राहिला: "ज्याचं दार आहे तो समोर उभा राहू दे, मग उघडतो." बापही असाच होता, आजाही. घराण्याचा नियम म्हणे. आलेलं काम घालवायची ही तऱ्हा.

जुन्या कागदाचं विचारलं. तो कानस पुसत म्हणाला, "कागद असला तर तुमच्याकडेच असेल. चाव्या आमच्याकडे, कागद तुमच्याकडे." टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही माणसाला.

१६ फेब्रुवारी

तीन दिवस शोधतोय. माळा उपसला, पेट्या उपसल्या, वडिलांच्या ट्रंकेत त्यांचे चष्मे आणि आजोबांची कागद दुमडायची हाडाची पट्टी सापडली. कागद नाही. अजून अकरा दिवस आहेत, घाबरायचं कारण नाही.

हात चालू राहावा म्हणून काकांची वही बांधायला घेतली. जुनी पाठ सोलली तर आत नाटकाची जाहिरात निघाली, साठ वर्षांपूर्वीची. ही बघत राहिली. मी सांगितलं, यात नवल नाही. बाइंडर कागद फेकत नाही. पुस्तकाच्या पाठीला आतून अस्तर लागतं, तिथे हाताला येईल ती रद्दी चिकटवायची. वरून कापड किंवा कातडं चढलं की पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

"मग नमुन्याच्या पाठीत काय आहे?" ती म्हणाली.

मी तिच्यावर ओरडलो. वडिलांच्या हातचं काम आहे, रद्दीची टोपली नाही, असं काहीसं बोललो. तिने फर्मे उचलले आणि बाहेर पायरीवर जाऊन शिवत बसली. तिथे उजेड बरा असतो, हे खरंच आहे.

१७ फेब्रुवारी

काही सापडलं नाही. घरात दोघंही गरजेपुरतं बोललो.

२० फेब्रुवारी

बरं, स्वतःच्या वहीत तरी खरं लिहावं. जुन्या बांधणीला ताठा असतो, हे मी समितीच्या बाईंना सांगितलं ते खोटं. चांगली बांधणी टेबलावर सपाट उघडते. वडिलांनीच मला शिकवलं, पुस्तक हाताने दाबून धरावं लागलं तर ते पुस्तक नाही, सापळा आहे. त्यांनी बांधलेलं प्रत्येक पुस्तक सपाट उघडतं. आज सात ठिकाणी जाऊन बघून आलो, वाचनालयातसुद्धा. फक्त नमुना उघडत नाही. पाठीत पातळ कागदाऐवजी काहीतरी जाड घातल्याशिवाय असं होत नाही. आणि वडिलांच्या हातून चुकून असं होत नाही.

बेचाळीस वर्षं मी तो ग्रंथ लोकांना दाखवतोय आणि मला हे दिसलं नाही. दिसलं होतं, खरं म्हणजे. विचारायचं नव्हतं.

पण कापायचा कसा? आत जाहिरात निघाली तर? मग ना कागद, ना नमुना.

२१ फेब्रुवारी

कापला.

सकाळी हिला म्हटलं, समोर बस. ती सुई-दोरा बाजूला ठेवून बसली. कातडं सांध्यावर चिरलं. मग ओला बोळा ठेवून खळ भिजू दिली. अर्ध्या तासाने अस्तर सुटलं. लांबट घडी घातलेला जाड कागद, आठ पदरी. लिहिलेल्या बाजूला खळ लागू नये म्हणून आत पातळ कागदाचं वेष्टण. रद्दी कोणी अशी गुंडाळत नाही.

एक्क्याऐंशी वर्षांपूर्वीची तारीख. अक्षर आजोबांचं, खाली दोन सह्या. मजकूर जसाच्या तसा उतरवतो:

'हा गाळा कुलुपकाराचा आहे. बाइंडर परगावाहून आला असून त्यास बसायला जागा नाही. सबब गाळ्याचा डावीकडचा अर्धा भाग कुलुपकार त्यास कामासाठी कायमचा देत आहे. मध्ये भिंत घालावी व भिंतीत दार ठेवावे. उजेड एकाकडे व पाणी दुसऱ्याकडे राहत असल्याने दारास कोणत्याही बाजूने कडी नसावी. हा कागद एकच असून तो बाइंडराने सांभाळावा, कारण कागद सांभाळणे हे त्याचे काम आहे.'

हिने दोनदा वाचला. मी एकदाच वाचला, मला दुसऱ्यांदा वाचवेना.

२२ फेब्रुवारी

दिवसभर मनात काय काय आलं ते लिहितो, कारण नंतर मी ते नाकारेन. तारीख आणि सह्या तेवढ्या दिसतील अशी घडी घालून झेरॉक्स काढता येईल. समितीला तेवढं पुरे आहे. इमारत वाचेल, माझं पहिलं प्रकरणही वाचेल. आणि कुलुपवाल्याला हा कागद दिसला तर तो उद्या म्हणू शकतो, भिंत पाडा, अर्धा गाळा परत द्या, कपाट लावून तुम्हीच अट मोडली. मग एकसष्टाव्या वर्षी मी सुई-दाभण घेऊन कुठे बसू? याची भीती वाटते. खरंच वाटते.

हिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, अट कोणी मोडली ते आधी बघू या, कपाट हलवा. मी म्हटलं, बघायचं काय आहे, कडी त्यांच्या बाजूने आहे. "तुम्ही बघितलीय?" तिने विचारलं. नव्हती बघितली. मी त्या आठवड्यात आजोबांच्या अस्थी घेऊन गेलो होतो. परतलो तेव्हा कपाट लागलेलं होतं.

कागद काढून रिकामं केलं तरी कपाट दोघांना जड गेलं. टेलरबाईंना हाक मारली, तिघांनी सरकवलं. दार धुळीने माखलेलं. कडी आमच्या बाजूला. आडवी, घट्ट, गंजून एकजीव झालेली. तिचे खिळे आमच्या पुठ्ठ्यांच्या पेटीतले, चपट्या डोक्याचे. ते दुसरं कोणी वापरत नाही.

वडिलांना तो कागद फाडवला नाही आणि दाखववलाही नाही. मला त्यांचा राग आला आणि लगेच त्यांची कीवही आली. रोज नमुन्याच्या त्या काचेच्या पेटीसमोर बसून त्यांनी काम केलं, सतरा वर्षं.

२३ फेब्रुवारी

सकाळी कागद घेऊन शेजारी गेलो आणि त्याच्या हातात दिला. घडी न घालता. तो उजेडात धरून वाचत राहिला. कानस मांडीवर तशीच. मी बोलायला सुरुवात केली की वडिलांच्या वतीने वगैरे, आणि वाक्य कुठेतरी अडकलं.

"बाबा सांगायचे असा कागद आहे म्हणून," तो म्हणाला. बाकी काही नाही. अर्ध्या गाळ्याचं नाव नाही.

मी म्हटलं, मग बेचाळीस वर्षांत बोलला का नाहीत? तुम्ही तर कुलुपवाले. अख्ख्या शहरातली दारं उघडता. हे एक फळीचं दार, कडीच्या जागी करवतीचं पातं घातलं असतं तरी उघडलं असतं.

तो माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी अगदी बावळट विचारल्यासारखा. आणि मग मला कळलं. दारासमोरची ती मोकळी जागाही कळली. एवढ्या अडचणीत बेचाळीस वर्षं बाप-लेकांनी तिथे पेटी ठेवली नव्हती, कारण दार त्यांच्याकडे उघडतं.

काम बाकी होतं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "अरे, माझ्या दाराची कडी गंजलीय. उघडून देतोस का? ज्याचं दार आहे तो समोर उभा आहे."

त्याने हत्यारांची पेटी उचलली. रस्त्यावरून वळसा घालून माझ्या गाळ्यात आला, चपला बाहेर काढल्या. कडीवर तेल सोडलं, थांबला, लाकडी हातोडीने हळू ठोकलं, पुन्हा तेल. मला वाटलं होतं मोडेल, तो म्हणाला, मोडायची कशाला, आजाने घडवलेली आहे. आमची कडीसुद्धा त्यांचीच निघाली! पाऊण तासाने ती सरकली. दार त्याच्या बाजूला उघडलं, कशालाही न अडता. ऊन माझ्या टेबलापर्यंत आलं. टेबलावर केवढे डाग आहेत ते मला आज पहिल्यांदा दिसले.

ही दारातून पलीकडे जाऊन त्याची बादली घेऊन आली, आमच्या नळावर भरली आणि त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "वहिनी, जड आहे, राहू द्या." पण घेतली. आणि नव्या वाटेने परत गेला. चपला माझ्या दारात विसरला.

२७ फेब्रुवारी

इमारत यादीत आली. समितीच्या बाईंनी मूळ कागद बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला आणि विचारलं, इतकी वर्षं कुठे होता? मी म्हटलं, सांभाळून ठेवला होता. कुलुपवाला शेजारी बसला होता. तो खोकला.

इतिहासाचं पहिलं प्रकरण मी बदलून दिलं आहे. आता ते 'हा गाळा कुलुपकाराचा होता' असं सुरू होतं. जुनं प्रकरण फेकलं नाही. नमुना नव्याने बांधायला घेतलाय, त्याच्या पाठीला अस्तर लागेल. एक पदरी घालेन, म्हणजे सपाट उघडेल.

२ मार्च

शाळेची हजेरीबुकं आली आहेत. शंभर नाहीत, पंचेचाळीस. सकाळपासून बसलोय आणि दिवा लावायचं लक्षातच आलं नाही, हिने सांगितलं तेव्हा कळलं. पलीकडे कानस चालू होती. अकराच्या सुमाराला कोऱ्या पानावर लोखंडाचा एक कण येऊन पडला.

फुंकर मारली, उडून गेला.